तांड्यापासून सचिवालयापर्यंत : कै. वसंतराव नाईक

महाराष्ट्र राज्याचा कारभार अनेक मुख्यमंत्र्यांनी सांभाळला. त्यांतील काहींची नावे शाळेच्या पुस्तकात राहिली, काहींची पाटीवर राहिली आणि काहींची तर विसरूनही गेली. परंतु शेतकऱ्याच्या बांधावर, विहिरीच्या काठावर आणि रोजगार हमीच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव आजही निघते असे मुख्यमंत्री थोडे. कै. वसंतराव फुलसिंग नाईक हे त्यांपैकी एक होत. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री राहिले. एवढा दीर्घ काळ हे पद आजवर दुसऱ्या कोणाकडेही सलग राहिलेले नाही. त्याआधी आणि त्या काळातही पुसद या एकाच मतदारसंघाने त्यांना पाच वेळा विधानसभेत पाठविले. एका माणसाला लोक पुन्हा पुन्हा का निवडून देतात आणि निवडून गेलेला माणूस त्या मतांचे काय करतो, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र वाचण्यासारखे आहे. त्यात यश आहे तसे अपयशही आहे. दोन्ही सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही.

गहुलीचा तांडा

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचे लहानसे गाव आहे. तेथे बंजारा समाजाच्या कुटुंबात १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत असे. लष्कराला रसद पोचविणे, एका प्रांताचे धान्य दुसऱ्या प्रांतात नेणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. पुढे इंग्रजांचे राज्य आले, सडका झाल्या, आगगाडी आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. पोट भरण्याचे साधन गेले. त्यातच १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही प्रांतांत बंजाऱ्यांसारख्या फिरस्त्या समाजावर जन्मापासूनच चोरीचा शिक्का मारला. अशा परिस्थितीत ज्या तांड्यांनी बैल सोडून नांगर धरला आणि एका जागी वस्ती केली त्यांत गहुलीचा तांडा होता.

वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग हे तांड्याचे नायक. तांड्याचा न्यायनिवाडा करणे, सरकारदरबारी तांड्याच्या वतीने बोलणे, अडलेल्याला धान्य देणे ही नायकाची कामे. या नायकपदावरूनच घराण्याला नाईक हे आडनाव मिळाले. मूळचे आडनाव राठोड. वडील फुलसिंग नाईक यांनी शेती वाढविली आणि घर सुस्थितीत आणले. म्हणजे वसंतराव काही भुकेच्या घरात जन्मले नाहीत. परंतु ज्या समाजात जन्मले त्या समाजात अक्षरओळख असलेला माणूस शोधावा लागत असे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

शिक्षण, वकिली आणि विवाह

गहुलीत त्या वेळी शाळा नव्हती. त्यामुळे आसपासच्या गावांत राहून प्राथमिक शिक्षण घ्यावे लागले. पुढे अमरावती आणि नंतर नागपूर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि १९४० साली एलएल.बी. झाले. तांड्यावरचा मुलगा वकील झाला ही त्या काळी सगळ्या पंचक्रोशीला नवल वाटण्यासारखी गोष्ट होती.

वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर केली. पंजाबराव हे वऱ्हाडातील शेतकऱ्यांचे मोठे पुढारी. पुढे ते भारताचे कृषिमंत्री झाले. शेतकऱ्याचा मुलगा शिकला पाहिजे आणि शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळाला पाहिजे, हे दोन विचार वसंतरावांनी त्यांच्या सहवासात पक्के केले. नंतर त्यांनी पुसदला येऊन स्वतंत्र वकिली सुरू केली. कुळाचे वाद, सावकाराची कर्जे, बांधाची भांडणे अशीच कामे तालुक्याच्या कोर्टात जास्त. त्या कामांतून खेड्यातील माणसाच्या अडचणी त्यांना कागदावरून नव्हे तर माणसांच्या तोंडून कळल्या.

१९४१ साली त्यांनी नागपूरच्या घाटे घराण्यातील वत्सलाबाई यांच्याशी विवाह केला. मुलगी ब्राह्मण घरची, मुलगा बंजारा समाजाचा. आज असा विवाह झाला तरी गावात चार दिवस चर्चा होते, मग त्या काळी काय झाले असेल याची कल्पना करावी. दोन्हीकडच्या मंडळींना हा विवाह रुचला नाही. परंतु नवरा-बायको ठाम राहिले. पुढे वत्सलाबाईंनी तांड्याला आपले मानले आणि तांड्यानेही त्यांना आपले मानले. बोलण्यात सुधारणा सांगणारे पुष्कळ असतात, घरात करणारे थोडे असतात. वसंतराव दुसऱ्या प्रकारचे होते.

१९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळ, दिवाबत्ती, रस्ते, शाळा हा नगरपालिकेचा कारभार त्यांनी चालविला. सार्वजनिक कामाची ही त्यांची पहिली शाळा होय.

पहिली निवडणूक

स्वराज्य मिळाल्यानंतर १९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी विदर्भ हा जुन्या मध्य प्रदेश राज्याचा भाग होता आणि राजधानी नागपूर होती. काँग्रेसने पुसदची उमेदवारी वसंतरावांना दिली. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे. पेटीवर चिन्ह चिकटविलेले असे आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. काँग्रेसची खूण बैलजोडी. अक्षरशत्रू माणसालाही खूण ओळखता यावी म्हणून ही व्यवस्था होती. बायाबापड्यांनी आयुष्यात प्रथमच मत दिले आणि पुसदमधून वसंतराव निवडून आले.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने फिरस्त्या समाजांवर शिक्का मारला होता तो कायदा याच १९५२ साली रद्द झाला. म्हणजे एका बाजूने शिक्का पुसला गेला आणि दुसऱ्या बाजूने त्याच समाजाचा एक मुलगा कायदे करणाऱ्या सभागृहात जाऊन बसला. केवळ बंजारा समाजाच्या मतांवर ही जागा मिळण्यासारखी नव्हती. कुणबी, मराठा, दलित, आदिवासी, मुसलमान, व्यापारी अशा सर्वांची मते मिळाल्यावाचून पुसदला निवडून येता येत नसे. सर्वांना धरून चालण्याची त्यांची रीत याच निवडणुकीपासून दिसते.

मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात त्यांना महसूल खात्याचे उपमंत्री करण्यात आले. मालगुजारी नुकतीच संपली होती. जमिनीचे नवे हक्क, नव्या नोंदी, नवे वाद असा तो काळ. पटवाऱ्याच्या दप्तरात शेतकऱ्याचे नशीब कसे अडकलेले असते हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

राज्य बदलले, मतदारसंघ तोच

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. नागपूरची राजधानी गेली. विदर्भातील पुष्कळ लोकांच्या मनात स्वतंत्र विदर्भ राज्याची इच्छा होती. वसंतरावांनी मात्र मराठी भाषकांच्या एकत्र राज्याची बाजू घेतली. यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात त्यांना प्रथम सहकार आणि नंतर कृषी ही खाती मिळाली.

१९५७ सालची निवडणूक काँग्रेसला फार जड गेली. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती आणि भले भले पुढारी पडले. विदर्भाने मात्र काँग्रेसला हात दिला. पुसदने वसंतरावांना दुसऱ्यांदा निवडले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि वसंतराव नव्या राज्याचे महसूलमंत्री झाले. १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेची पहिली निवडणूक झाली. २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ मिळाल्या. पुसदचा निकाल तिसऱ्यांदाही तोच लागला.

अशा रीतीने दहा वर्षांत त्यांनी तीन निवडणुका जिंकल्या. पहिली मध्य प्रदेशाच्या विधानसभेची, दुसरी मुंबई राज्याच्या आणि तिसरी महाराष्ट्राच्या. सभागृहे तीन झाली, राजधान्या दोन झाल्या, पण मत देणारी गावे तीच राहिली.

कमाल जमीन आणि जिल्हा परिषद

महसूलमंत्री म्हणून त्यांच्या हातून दोन मोठी कामे झाली. या दोन्ही कामांचा परिणाम प्रत्येक खेड्यापर्यंत पोचला, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे योग्य होईल.

पहिले काम कमाल जमीनधारणेच्या कायद्याचे. १९६१ साली हा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर आणि कोरडवाहू जमिनीला जिल्ह्याप्रमाणे ६६ ते १२६ एकर अशी मर्यादा ठरली. त्यावरील जमीन सरकारजमा करून भूमिहीनांना द्यावयाची असा हेतू. साखर कारखान्यांकडील मोठमोठ्या जमिनीही या कायद्याखाली घेतल्या गेल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ निघाले. हेतू उत्तम होता. परंतु कागदावर भावाच्या, बायकोच्या, पुतण्याच्या नावाने वाटण्या करून पुष्कळांनी जमीन वाचविली हेही खरे आहे. कोरडवाहूची मर्यादाही सैल होती. म्हणूनच १९७५ साली ती ५४ एकरांवर आणावी लागली. कायदा केल्याने काम संपत नाही, दप्तरात तो नीट उतरला तरच गरिबाच्या हाती जमीन पडते, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरे काम जिल्हा परिषदांचे. गावाचा कारभार गावाच्या लोकांच्या हाती द्यावा हे सगळेच म्हणत. पण कोणत्या पातळीवर किती अधिकार द्यावेत हे ठरविणे अवघड होते. त्यासाठी सरकारने १९६० साली वसंतरावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने १९६१ च्या मार्चमध्ये अहवाल दिला. देशात त्या वेळी बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशीप्रमाणे गटाच्या पातळीला महत्त्व दिले जात होते. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक धरला. तालुक्याला पंचायत समिती, गावाला ग्रामपंचायत आणि वर जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची रचना सांगितली. प्राथमिक शाळा, दवाखाने, लहान पाटबंधारे, रस्ते, शेतीची कामे जिल्हा परिषदेकडे आली. १ मे १९६२ पासून ही रचना सुरू झाली. आज पंचायत समितीत जो सभापती बसतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत जो मुलगा शिकतो, त्या दोघांच्याही मागे हा अहवाल आहे. पुढच्या काळात महाराष्ट्राचे कितीतरी आमदार आणि मंत्री जिल्हा परिषदेतूनच तयार झाले.

मुख्यमंत्री

१९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजी निधन पावले. थोडे दिवस बाळासाहेब सावंत यांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. तोंडात पाइप, अंगात नीटनेटका पोशाख, बोलणे मृदू आणि चेहऱ्यावर सहसा राग नाही, असा हा माणूस फार दिवस टिकणार नाही असे अनेकांना वाटले होते. ते अकरा वर्षे टिकले.

त्या काळी देशात धान्याची ओढ होती. अमेरिकेचा गहू बोटीने मुंबईच्या बंदरात उतरायचा आणि रेशनच्या दुकानात पोचायचा. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, त्याच वर्षी पावसाने दगा दिला. दुसऱ्याच्या धान्यावर जगणारा देश ताठ मानेने लढू शकत नाही हे सर्वांना कळून चुकले. अशा वेळी पुण्याला शनिवारवाड्यापुढे झालेल्या सभेत वसंतरावांनी एक मोठा शब्द दिला. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही तर आपण फासावर जाण्यास तयार आहोत, अशा अर्थाचा तो शब्द होता.

मुख्यमंत्र्याने असा शब्द देणे साधी गोष्ट नव्हती. त्याच्यामागे नुसता आवेश नव्हता, योजना होती. संकरित ज्वारीचे बियाणे नुकतेच निघाले होते. ते खेडोपाडी नेण्यात आले. खत, विहिरींना कर्ज, वीजपंप, ताली आणि बांधबंदिस्ती यांच्यावर जोर देण्यात आला. मुख्यमंत्री स्वतः शेतकरी असल्यामुळे बांधावर उभे राहून पिकाविषयी बोलत. पेरा किती अंतरावर केला, खत कधी दिले असे प्रश्न ते विचारीत आणि अधिकाऱ्यांची तारांबळ उडे.

या योजनेला अडचणीही आल्या. हायब्रीड ज्वारीची भाकरी लोकांना गोड लागेना. कणसात दाणा भरताना पाऊस आला की ज्वारी काळी पडे. कडबाही आखूड. हायब्रीड हा शब्द लोकांनी थट्टेने माणसांनाही लावला. परंतु एकरी उतारा वाढला ही गोष्ट शेतकऱ्याने खळ्यावर पाहिली आणि हळूहळू बियाणे रुळले.

मग दोन वर्षांनी काय झाले? खरे सांगावयाचे तर मुदत संपली तेव्हा महाराष्ट्र पुरता स्वयंपूर्ण झालेला नव्हता. राज्याची बहुतेक शेती आभाळाकडे पाहणारी. मध्येच पाऊस गेला की सारे गणित चुकते. विरोधकांनी त्या शब्दाची वारंवार आठवण करून दिली आणि ती त्यांनी करून द्यायलाच हवी होती. पुढाऱ्याचा शब्द पुरा झाला नाही हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तथापि एवढे म्हणता येईल की, शब्द दिल्यानंतर ते स्वस्थ बसले नाहीत. त्या शब्दाने सरकारचे तोंड शेतीकडे वळविले ते पुढेही वळलेलेच राहिले.

चौथी निवडणूक आणि नंतरची वर्षे

१९६७ साली देशातील अनेक राज्यांतून काँग्रेसची सत्ता गेली. महाराष्ट्रात मात्र २७० पैकी २०३ जागा मिळाल्या. पुसदहून वसंतराव चौथ्यांदा निवडून आले आणि पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर आणि आसपासची खेडी जमीनदोस्त झाली. घरे पुन्हा उभी करण्याचे मोठे काम सरकारला करावे लागले.

कृषी विद्यापीठ कोठे व्हावे यावरून त्याच सुमारास विदर्भात मोठे आंदोलन झाले. राहुरीला विद्यापीठ आणि अकोल्याला नाही, याचा राग लोकांना आला. आंदोलनात बळीही गेले. विदर्भाच्याच मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत असे व्हावे ही दुःखाची गोष्ट होय. शेवटी १९६९ साली अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाने विद्यापीठ झाले आणि १९७२ साली परभणी व दापोली येथेही विद्यापीठे झाली. चार विभागांना चार विद्यापीठे मिळाली. १९७० साली नव्या मुंबईच्या उभारणीसाठी सिडको निघाली. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याच्या मापातून सुटून सरकारला कापूस विकता येऊ लागला तेव्हा वऱ्हाडातील शेतकऱ्याला मोठा आधार वाटला. पुढे ही योजना तोट्यात गेली आणि बंद पडली, पण तो पुढच्या काळाचा इतिहास आहे.

मुंबईत शिवसेना १९६६ साली निघाली. तिच्याकडे वसंतरावांचे सरकार कानाडोळा करते असा आरोप झाला आणि थट्टेने तिला वसंतसेना म्हटले गेले. या आरोपाची चर्चा राजकारणाच्या अभ्यासकांत आजही चालते. काँग्रेस फुटली तेव्हा वसंतराव इंदिरा गांधींबरोबर राहिले. बैलजोडी जाऊन गाय-वासरू आले. १९७२ च्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. पुसदने पाचव्यांदा तोच कौल दिला. एवढे मोठे बहुमत पूर्वी कधी मिळाले नव्हते. आणि त्याच वर्षी आभाळ फाटायचे सोडून आभाळ कोरडे पडले.

बहात्तरचा दुष्काळ

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगावा लागत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. आधीची दोन वर्षे पावसाने ओढ दिली होतीच. १९७२ साली तो जवळजवळ आलाच नाही. विहिरी आटल्या. पेरलेले उगवले नाही आणि उगवलेले करपले. चाऱ्यावाचून जनावरे बाजारात मातीमोल विकली गेली. दावणी रिकाम्या झाल्या. धान्याबरोबर पाण्याचाही दुष्काळ पडला. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिला लोक मिलो म्हणत, ती खाऊन लोकांनी दिवस काढले.

दुष्काळी कामे निघाली. प्रथम खडी फोडण्याची कामे फार होती. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि त्यांच्यामागे डोक्याला फडके बांधलेल्या बायका हे चित्र महाराष्ट्रभर दिसे. परंतु खडीने पुढल्या वर्षी पाणी मिळत नाही. म्हणून पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, विहिरी आणि कालवे अशी कामे वाढविण्यात आली. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. राज्यातल्या प्रत्येक दहा माणसांत एक माणूस सरकारी कामावर, असा तो हिशेब होतो. एवढ्या माणसांची हजेरी मांडणे, आठवड्याचा पगार वाटणे, पाण्याचे टँकर पोचविणे, मुलांना सुकडी वाटणे हे सगळे तालुक्याच्या आणि गावाच्या यंत्रणेने केले. दहा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदा झाल्या नसत्या तर हे काम कोणी केले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सगळे नीट झाले असे मात्र नाही. मजुरी वेळेवर न मिळणे, मोजमापात कमी धरणे, हजेरीपटावर खोटी नावे लावणे अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. विरोधी पक्षांनी मोर्चे काढले, सभागृहात सरकारला धारेवर धरले. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. वसंतराव गावोगाव फिरले, कामांवर गेले, लोकांच्या शिव्याही त्यांनी ऐकून घेतल्या. परंतु एक गोष्ट निश्चित. जुन्या दुष्काळात माणसे रस्त्याच्या कडेला मरून पडत. बहात्तरच्या दुष्काळात लोकांचे हाल झाले, पण तसे सामूहिक भूकबळी पडू दिले गेले नाहीत.

त्या संकटातून जी वस्तू उरली ती रोजगार हमी योजना. मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. हाताला काम मागणाऱ्या माणसाला काम देणे हे सरकारचे कर्तव्य होय, असे या योजनेचे सार. दान नव्हे, हक्क. वसंतरावांच्या सरकारने १९७२ साली ही योजना स्वीकारली. दुष्काळी कामे संपल्यावर तिने पुन्हा जोर धरला. तिच्या खर्चासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांवर १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे शहराच्या पगारातून खेड्याच्या मजुरीला पैसा आला. पुढे विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

पायउतार आणि अखेर

१९७५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या इच्छेप्रमाणे वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि शंकरराव चव्हाण त्या जागी आले. अकरा वर्षांची सवय असलेली खुर्ची सोडताना त्यांनी आदळआपट केली नाही, पक्षही सोडला नाही. सचिवालयाचे मंत्रालय हे नाव झाले तेही याच वर्षी. वसंतरावांची सारी कारकीर्द सचिवालयाच्या काळातली.

१९७७ साली लोकसभेची निवडणूक झाली. आणीबाणीमुळे देशभर काँग्रेसविरुद्ध लाट होती आणि स्वतः इंदिरा गांधी पडल्या. अशा वेळी वसंतराव वाशिम मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले. पाच वेळा विधानसभा आणि एकदा लोकसभा, असा त्यांच्या निवडणुकांचा हिशेब आहे.

१८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. वय ६६ वर्षांचे होते. त्यानंतर चारच दिवसांनी ती लोकसभाही विसर्जित झाली. गहुलीच्या तांड्यात जन्मलेला माणूस परमुलखात समुद्रापलीकडे वारला आणि त्याच्यासाठी पुसदच्या बाजारपेठेत हळहळ झाली.

हिशेब

पुसदची जागा पुढेही बहुतांश काळ नाईक घराण्याकडेच राहिली. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. एकाच घरात इतकी सत्ता असावी की नसावी यावर मतभेद असू शकतात आणि मतदाराने त्याचा विचार करावा हेच बरे. विदर्भाचा माणूस अकरा वर्षे मुख्यमंत्री असूनही विदर्भाचा अनुशेष भरला नाही, हाही आक्षेप आहे. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात हा अनुशेष आकड्यांनी मांडला गेला. वसंतरावांनी ज्या एकत्र राज्याची बाजू घेतली त्या राज्यात आपल्या भागाला बरोबरीचा वाटा मिळावा ही अपेक्षा गैर नव्हती. ती पुरी झाली नाही हे नमूद करणे भाग आहे.

मग लोकांनी त्यांना का निवडले आणि का लक्षात ठेवले? याचे उत्तर त्यांच्या निवडणुकांत नाही, दोन निवडणुकांमधल्या वर्षांत आहे. स्वयंपूर्णतेचा शब्द त्यांना दिलेल्या मुदतीत पाळता आला नाही. पण शब्द चुकल्यावर त्यांनी दुसरीकडे तोंड फिरविले नाही. त्याच कामाला ते धरून राहिले. म्हणून जेव्हा बहात्तर आले तेव्हा राज्यात जिल्हा परिषदा होत्या, विद्यापीठे होती, नवे बियाणे होते आणि कामाच्या हक्काची कल्पना ऐकून घेणारे सरकार होते. त्या काळात झालेले पाझर तलाव अनेक गावांच्या शिवारात आजही आहेत. काहींत गाळ साचला आहे, काहींच्या भिंती खचल्या आहेत. ते दुरुस्त करणे हे आता मागे राहिलेल्यांचे काम.

१ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे नाव देण्यात आले. सन्मान योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरी पहिला पाऊस पडल्यावर जो पेरा होतो, तोच खरा कृषिदिन. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला गावाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत. मागच्या वेळी दिलेल्या शब्दाचे काय झाले? आणि तो पुरा झाला नसेल तर त्यानंतर काय केले? कै. वसंतराव नाईक यांच्या चरित्रात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात, म्हणूनच ते चरित्र तरुण पिढीने वाचावे.

अशा या शेतकऱ्यांच्या मुख्यमंत्र्यास विनम्र अभिवादन.